सनीव्हेलचं हूड रेडमंडहून परत आणलं, त्याची हकीकत

रेडमंडच्या मुकुंद आडगावकरांनी मला फसवलं. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलला, माझ्या घरच्या ड्राइव्हवेमध्ये, माझ्या हातच्या पुरणपोळ्या खाऊन, पश्चिम किनाऱ्यावरच्या आमच्या मराठी मंडळाच्या पन्नासेक माणसांसमोर फसवलं. हे आधी लिहून टाकते. नाहीतर पुढे डोंगर, नद्या आणि फळं भरून भाजलेल्या 'पाय' नावाच्या गोड पदार्थाची वर्णनं वाचताना कोणाला वाटायचं की मी हवापालटाला गेले होते.

मी रेखा. लग्न होऊन सांगलीहून सनीव्हेलला आले, काम करायची परवानगी मिळाली त्याच आठवड्यात पोळ्या लाटायला बसले. आज सांता क्लाराला माझं स्वतःचं किचन आहे आणि आसपासच्या निम्म्या मराठी बारशांना माझ्याच पोळ्या जातात. कणकेच्या पोत्यापासून किचनच्या भाड्यापर्यंत सगळं मी घासाघीस करून घेतलं. तशीच गाडीही घेतली. शेजारचे म्हातारे गृहस्थ घर विकून मुलाकडे निघाले होते. त्यांच्या गॅरेजमधल्या लाल गाडीवर माझा वर्षानुवर्षं डोळा होता. त्यांच्याशी मी सगळा उन्हाळाभर वाद घातला आणि शेवटी त्यांनी हात जोडून किल्ली दिली.

गाडी साठच्या दशकाच्या शेवटची, डेट्रॉइटकडची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, माझं भांडण कंपनीशी नाही. दोन दारांच्या, अंगाने मध्यम आणि इंजिन मात्र ट्रकला शोभेल असं, अशा गाड्यांना इथे मसल कार म्हणतात. आपण ज्याला बॉनेट म्हणतो त्याला हे लोक हूड म्हणतात. माझ्या गाडीच्या हूडवर दोन नाकपुड्यांसारखे उंचवटे होते. त्यांतून बाहेरची गार हवा थेट इंजिनला मिळते. त्याला स्कूप म्हणायचं. कारखान्यातून स्कूप घेऊन निघालेल्या गाड्या थोड्या, आणि नंतर हौसेने साधा पत्रा कापून स्कूप चिकटवलेल्या ढिगाने. म्हणून या लोकांत स्कूप दिसला की पहिला प्रश्न एकच असतो: कारखान्याचा, की चिकटवलेला? मी सगळ्यांना छाती पुढे काढून सांगायचे, कारखान्याचा.

गेल्या वर्षीच्या दसऱ्याला आमच्याकडे वाहनपूजा होती. मुकुंदराव म्हणजे वॉशिंग्टन राज्यात राहणारे निवृत्त इंजिनीअर, मंडळाचे माजी अध्यक्ष, जुन्या गाड्यांतले तज्ज्ञ. ते कॅलिफोर्नियात कोणाकडे तरी आले होते, म्हणून मीच त्यांना आग्रहाने बोलावलं. पूजा झाली, नारळ फुटला, सगळ्यांनी गाडीवर अक्षता टाकल्या. मग मुकुंदरावांनी हूड उघडलं, टॉर्च मारून बराच वेळ आत बघितलं आणि मान हलवली.

"वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. हे चिकटवलेलं आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कोणीतरी हसलंसुद्धा.

"कशावरून?" मी विचारलं.

"वहिनी, गाड्यांचं असं पोळीसारखं नसतं, नुसतं फुगलं की चांगलं." यावर सगळेच हसले. "असं करा, माझ्या व्हॅनमध्ये याच मॉडेलचं साधं, सपाट, अस्सल हूड आहे. ते लावून टाका. निदान गाडी खरी तरी दिसेल. हे मी घेऊन जातो, भंगारात देईन."

इतक्या लोकांसमोर खोटी ठरल्यावर मला ते हूड डोळ्यांसमोर नको झालं होतं. तरी सवय जाते का! मी घासाघीस केलीच. सपाट हूडाशिवाय चाकांवर बसवायच्या चार चकचकीत व्हीलकॅप जास्तीच्या मिळवल्या. संध्याकाळी सुधीरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला म्हटलं, "भंगार देऊन केवढं काढलं बघ त्यांच्याकडून!" दसऱ्याच्या जेवणाला येताना माणूस हूड घेऊन कशाला येईल, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पडला नाही. आपला माणूस, वयाने मोठा, घरी जेवायला आलेला. अशा माणसाच्या व्हॅनमध्ये आपण डोकावत नाही.

पुढे दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे ते नवं हूड बंदच होईना. दाबून बसवलं की टणकन वर. शेवटी सुधीरने त्यावर बसायचं आणि मी खटका लागतोय का बघायचं, अशी पद्धत पडली. दुसरं म्हणजे, गाडी ऑइल बदलायला दिली होती तेव्हा आमच्या मेकॅनिकला डॅशबोर्डखाली एक काळी मूठ सापडली. ती ओढली तर तार नुसतीच सरकत होती. तो म्हणाला, ही मूठ स्कूपची झडप उघडायची. स्कूप नसलेल्या गाडीला ही कशाला असेल?

मी तिथूनच मुकुंदरावांना फोन लावला.

"तीही कोणीतरी मागाहून बसवली असणार," ते म्हणाले. "वहिनी, सोडा हा नाद. तुम्ही पोळ्या इतक्या छान करता."

त्या वाक्याने हा प्रवास घडला. मेकॅनिकने सांगितलं की ओरेगॉनच्या पूर्वेला नोरा नावाच्या बाई राहतात. त्यांनी नवऱ्याबरोबर याच मॉडेलची गाडी नवी कोरी घेतली होती, स्कूपसकट, आणि आजवर तिचा एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही. तिच्याशेजारी आपली गाडी उभी केली की खरं-खोटं कळेल.

"जाऊ दे ना," सुधीर म्हणाला. आमच्या घरात हे वाक्य मिठासारखं रोज लागतं.

"मी गाडीने जाणार आहे. येणार असशील तर बॅग भर."

त्याने बॅग भरली.

शास्ताचा चढ

सनीव्हेलहून पहाटे निघालं की दुपारपर्यंत कॅलिफोर्नियाचं मधलं सपाट खोरं संपतं. बदाम, अक्रोड, टोमॅटोचे ट्रक, पुन्हा बदाम. सगळं सरळ रेषेत लावलेलं. आपल्याकडे शेताला बांध असतो, बांधावर झाड असतं, झाडाखाली कोणीतरी बसलेलं असतं. इथे मैलोन् मैल माणूस म्हणून दिसत नाही. मग रस्ता चढायला लागतो, देवदार सुरू होतात आणि एका वळणानंतर शास्ता पर्वत समोर उभा राहतो. एकटाच, आजूबाजूला दुसरं शिखर नाही, ऑक्टोबरातही डोक्यावर बर्फ. सुधीर म्हणाला, "काय सुंदर!" आणि त्याच क्षणी गाडीच्या पुढून वाफ आली.

रस्त्याच्या कडेला थांबलो. सुधीरने खटका सोडला तसं हूड एवढ्या जोरात वर उडालं की त्याची टोपी थेट खाली दरीत गेली. इंजिनला पाणी पाजलं, गार होऊ दिलं. पण हूड काही केल्या लागेना. सुधीर त्यावर चढून बसला, मी खटका बघत होते, आणि मागे लाकडांचे ओंडके भरलेला ट्रक येऊन थांबला. त्यातून एक अगडबंब ड्रायव्हर उतरला. काही न विचारता तोही सुधीरच्या शेजारी जाऊन बसला. खटका लागला.

"लेडी," तो खाली उतरत म्हणाला, "तुमच्या स्प्रिंगा फार ताकदीच्या आहेत."

"म्हणजे स्प्रिंगा चुकीच्या?"

त्याने वाकून बिजागरीपाशी बघितलं. "स्प्रिंगा गाडीबरोबरच्याच वाटतात. बोल्टवरचा रंगही कधी हललेला नाही. त्या जड हूड उचलायला बनवल्यात. मला विचाराल तर हूड चुकीचं आहे."

मी सुधीरकडे बघितलं. तो दरीतल्या टोपीकडे बघत होता. त्या ड्रायव्हरला मी डब्यातल्या दोन पुरणपोळ्या दिल्या. एक त्याने तिथेच उभ्या उभ्या खाल्ली आणि यात मांस कोणतं आहे असं विचारलं. तेवढं सोडलं तर माणूस हुशार होता.

नोराबाईंचं अंगण

ओरेगॉनमध्ये शिरल्यावर पेट्रोल पंपावर एक मुलगी धावत आली आणि पेट्रोल भरू लागली. इतकी वर्षं कॅलिफोर्नियात स्वतः नळी धरायची सवय, त्यामुळे मला सांगलीच्या पंपावर आल्यासारखं वाटलं. "शून्य बघा मॅडम," एवढंच ती म्हणायची राहिली.

पुढचा भाग आपण चित्रात बघतो त्या अमेरिकेसारखा अजिबात नाही. झाडी मागे राहते. करड्या झुडपांचं माळरान, काळे कातळ आणि मधूनच लाल, पिवळ्या, राखाडी थरांच्या टेकड्या, जणू डोंगराला कोणी रंगाच्या बादल्या ओतून वाळत घातलंय. खिडकी उघडली की त्या झुडपांचा कडवट, औषधी वास येतो. जतकडच्या माळाची आठवण झाली, फक्त मेंढरांच्या जागी गाई. एका खेड्यात एकच हॉटेल होतं. तिथे आम्ही काळ्या बेरीचा पाय खाल्ला, गरम, वर आइस्क्रीम. सुधीरने दुसरा मागवला. मी वेटरबाईंना विचारलं, दोन घेतल्यावर काही कमी होतं का? ती हसली. मी हसले नाही. शेवटी कॉफी फुकट मिळाली.

नोराबाईंच्या घरासमोर आठ-दहा गाड्या उभ्या होत्या. अंगणात टेबलं मांडून त्या दिवंगत नवऱ्याची पाना-पक्कडीसारखी हत्यारं विकत होत्या. इथे घरातलं नको ते सामान असं अंगणात मांडून विकतात, त्यात लाज वाटून घेत नाहीत. ही पद्धत मला आवडते. बाई ऐंशीच्या घरातल्या, सडपातळ, पायात पुरुषी बूट. आणि तीन दांडगी गिऱ्हाइकं त्यांच्याभोवती उभी राहून प्रत्येक वस्तूला नावं ठेवत होती. हा पाना गंजलाय, लोखंड घट्ट पकडायची ही व्हाइस जुनी आहे, हे सगळं उचलून नेतो, सांगा काय ते. बाई प्रत्येक वेळी मान डोलवून भाव उतरवत होत्या.

मला ते बघवेना. गाडीचा विषय बाजूला ठेवून मी टेबलामागे जाऊन उभी राहिले.

"मी यांची मैत्रीण," मी त्या तिघांना म्हटलं. "आता भाव मी सांगणार. पाना गंजलाय? मग ठेवा खाली. गंजलेल्या पान्यासाठी इतक्या लांब का आलात?"

"हू इज शी?" एक जण नोराबाईंना म्हणाला.

नोराबाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाल्या, "माझी मैत्रीण."

दुपारपर्यंत मी त्यांची हत्यारं विकली. एकही वस्तू पडत्या भावात जाऊ दिली नाही. व्हाइससाठी तर दोघांना आपसांत झुंजवलं. शेवटी नोराबाई खुर्चीत बसून हसून हसून डोळे पुसत होत्या. "माझा नवरा तुला बघून घाबरला असता," त्या म्हणाल्या.

"माझाही घाबरतो," मी म्हटलं. सुधीरने मान डोलावली.

मग त्यांनी विचारलं, तू इथे आलीस तरी कशाला? मी सगळं सांगितलं. त्यांनी गोठ्याचं मोठं दार सरकवलं. आत ताडपत्रीखाली माझीच गाडी होती, फक्त निळ्या रंगाची. हूडवर त्याच दोन नाकपुड्या.

"आमच्या लग्नानंतरची पहिली खरेदी," त्या म्हणाल्या. "डीलरकडून सरळ इथे आली."

आम्ही दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या केल्या. त्यांचं हूड दोन बोटांनी उघडलं, हवं तिथे थांबलं आणि बंद करताना नुसता हात टेकवला तर आपल्या वजनाने खाली बसलं. बिजागरीच्या स्प्रिंगा बघितल्या. जाड वेटोळी, मोजली तर आमच्या गाडीला तेवढीच, तेवढ्याच जाडीची. म्हणजे माझी गाडी स्कूपचं जड हूड पेलायलाच बनली होती.

पण मुकुंदराव म्हणाले असते, स्प्रिंगाही कोणीतरी बदलल्या असतील. म्हणून मी खाली वाकले. इंजिन आणि माणसं यांच्यामध्ये जो पत्रा असतो, त्यातून ती झडपेची तार आत जाते. तिथलं रबर मी बाजूला केलं. नोराबाईंच्या गाडीत त्या भोकाच्या कडेच्या आतसुद्धा निळा रंग होता. कारण कारखान्यात आधी पत्र्याला भोक पाडतात, मग रंग देतात. नंतर कोणी ड्रिलने भोक पाडलं असतं तर कड उघडी पडून गंजली असती.

मग मी आमच्या गाडीचं रबर काढलं. गेल्या दसऱ्यापासून लोक मला "रेखावहिनींची ओरिजिनल गाडी" म्हणून चिडवत होते. आता ते खरं निघालं तर मी जिंकणार होते, आणि खोटं निघालं तर सुधीरबरोबर परतीचा सगळा रस्ता मुकाट्याने बसायचं होतं.

भोकाच्या कडेच्या आत लाल रंग होता. गुळगुळीत, अखंड लाल.

"सुधीर!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की बाहेरच्या कोंबड्या उडाल्या. "कारखान्याचं आहे!"

सुधीरने वाकून बघितलं, मग बोट फिरवून बघितलं. एकोणतीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेला माणूस, तो तीनदा तपासल्याशिवाय बोलत नाही. मग उभा राहिला आणि म्हणाला, "अस्सल माल कोणी भंगारात देत नाही. आपलं हूड आणायला जायचं."

मी वाट बघत होते. "जाऊ दे" तो म्हणाला नाही.

रात्री नोराबाईंनी जेवायला ठेवून घेतलं. बटाटे, मक्याची कणसं आणि त्यांनीच घातलेलं काकडीचं लोणचं. आपल्या लोणच्यापुढे ते पाणीच, पण मी बाटली मागून घेतली. निघताना त्या मला म्हणाल्या, "त्याच्यावर आधी ओरडू नकोस. आधी त्याला बोलू दे." एवढा शहाणा सल्ला मला आजवर आईनेही दिला नव्हता, कारण मी ऐकणार नाही हे आईला माहीत होतं.

रेडमंड

कोलंबिया नदी ओलांडली की वॉशिंग्टन राज्य. नदी एवढी रुंद की आपली कृष्णा तिच्यापुढे लाजेल, आणि दोन्ही काठांवर नुसत्या उघड्या बोडक्या टेकड्या. मग सफरचंदांच्या बागा. एका बागेत झाडावरची सफरचंदं स्वतः तोडून घ्यायची सोय होती. भाव मात्र बाजारापेक्षा जास्त. काम मी करायचं आणि वर जास्त भाव द्यायचा, हा हिशेब मला पटला नाही. मालकाने अखेर एक टोपली वर दिली. पुढे खिंड ओलांडली आणि पाऊस सुरू झाला. तो रेडमंडला पोचेपर्यंत थांबला नाही. तिथे तो कोसळत नाही, नुसता टिकून असतो. लोक छत्रीही घेत नाहीत.

मुकुंदराव दर शनिवारी जुन्या गाड्यांच्या जमावात जातात, हे मला आधीच माहीत होतं. ते स्वतःच तिथून दुसऱ्यांच्या गाड्यांचे फोटो पाठवतात. शनिवारी सकाळी आम्ही त्या पार्किंगमध्ये पोचलो. कॉफीचे कप घेऊन तीसेक माणसं, त्यांत मंडळाचीही चार-पाच ओळखीची तोंडं. आणि मध्यभागी मुकुंदरावांची हिरवी गाडी, हूडवर दोन नाकपुड्या.

हूड उघडं होतं. त्याला खालून झाडूच्या दांड्याचा टेकू दिलेला होता.

तो दांडा बघून माझा अर्धा राग उतरला. आमचं हूड खाली राहत नव्हतं, यांचं वर राहत नव्हतं. यांच्या गाडीच्या स्प्रिंगा हलक्या हूडाच्या. आणि मुकुंदराव स्वतः इंजिनवर छत्री धरून उभे होते.

"अरे, रेखावहिनी!" त्यांचा चेहरा एक क्षण उतरला, मग फुलला. "सुधीर! इकडे कुठे?"

नोराबाईंचा सल्ला मी पाळला. "फिरायला आलो मुकुंदराव. काय सुंदर गाडी! छत्री कशाला?"

"काही नाही, जरासं पाणी गळतं. या स्कूपला पाणी जायला नळी असते, ती कुठेतरी तुंबलीय. वर्षभर सापडत नाहीये."

त्यांच्या शेजारी ग्रेग म्हणून एक उंच अमेरिकन गृहस्थ होते. गाड्यांचं खरं-खोटं ठरवण्याचं काम या लोकांनी त्यांच्यावर सोपवलेलं. ते मला कौतुकाने म्हणाले, "फॅक्टरी हूड. बघायला मिळत नाही असं."

"हो का?" मी मुकुंदरावांना मराठीत विचारलं. "कारखान्याचं आहे?"

"शंभर टक्के. वरून रंग दिलाय फक्त. खालची काळी बाजू अनटच्ड. मी हात लावलेला नाही."

"आणि आमचं ते चिकटवलेलं?"

"ते कधीच भंगारात गेलं, वहिनी."

"मग हे कुठलं?"

"एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये मिळालं, मागच्या वर्षी."

आता ओरडायला हरकत नव्हती, पण मी ओरडले नाही. ग्रेगना विचारलं, ही तुंबलेली नळी मी काढून देऊ का? आमच्या किचनमधली बेसिनं मीच मोकळी करते. ते म्हणाले, प्लीज. मुकुंदराव "नको नको" म्हणेपर्यंत मी स्कूपखालची रबरी नळी ओढून काढली होती. आधी घाणेरडं पाणी आलं. मग काळपट लगदा. मग मी झडपेच्या मागे, जिथे पाणी पोचत नाही त्या खाचेत बोट घातलं आणि ग्रीसला चिकटलेलं काहीतरी तळहातावर काढलं.

तांदूळ. कुंकवाचा गुलाबी रंग अजून शाबूत असलेले, अख्खे तांदळाचे दाणे.

आपल्याकडे पूजेत गाडीवर अक्षता टाकतात. सपाट हूडावरून त्या घरंगळून खाली पडतात. स्कूप असलेल्या हूडावर टाकल्या की त्या नाकपुड्यांतून आत जातात. हे मला आधी सुचलं होतं असं मी म्हणणार नाही. दाणे हातावर दिसले तेव्हा सुचलं.

"व्हॉट इज दॅट?" ग्रेगने विचारलं.

मंडळाची माणसं माझ्या तळहाताकडे बघत होती. त्यांतल्या दोघी दसऱ्याच्या दिवशी आमच्याकडे होत्या आणि त्यांनीही मूठभर टाकल्या होत्या. मग सुधीर पुढे झाला.

"राइस," तो शांतपणे म्हणाला. "फ्रॉम अवर प्रेअर. अॅट अवर हाउस. धिस इज अवर हूड, सर. ही टोल्ड अस इट वॉज फेक." आणि मुकुंदरावांकडे वळून मराठीत म्हणाला, "त्या तुमच्या शेडवाल्या शेतकऱ्याकडे दसऱ्याला गाडीची पूजा करतात का हो, काका?"

एक वहिनी तोंडावर हात ठेवून हसली. मग दुसरी. गेल्या वर्षी ज्या आवाजात माझ्यावर हसल्या होत्या, त्याच आवाजात.

"तुम्ही दसऱ्याच्या जेवणाला हूड घेऊन का आला होतात, मुकुंदराव?" आता मी ओरडले. "पुरणपोळीबरोबर वाढायला?"

ग्रेगनी माझ्या गाडीची स्प्रिंग बघितली, तारेचं भोक बघितलं, ती मूठ ओढून बघितली. मग मुकुंदरावांना म्हणाले, "मला वाटतं, हे बोल्ट सोडण्यात मी मदत करावी."

चार माणसांनी हूड उचललं. बाकीच्यांनी पावसात, कॉफी बाजूला ठेवून, बोल्टचे पाने आणून दिले. सपाट हूड त्यांना परत केलं. व्हीलकॅप दिल्या नाहीत. त्या मी घासाघीस करून मिळवल्या होत्या. लाल गाडीवर हिरवं हूड बसवलं, तार जोडली, आणि ग्रेगनी मला म्हटलं, तुम्हीच बंद करा. मी दोन बोटं टेकवली. हूड अलगद खाली बसलं. पार्किंगमध्ये टाळ्या वाजल्या. आत बसून मी मूठ ओढली, समोर दोन्ही झडपा एकदम उघडल्या. सुधीर गाडीच्या पुढे उभा होता, तो दचकून मागे झाला आणि हसायला लागला.

लाल गाडी, हिरवं हूड, अशी आम्ही ती घरापर्यंत चालवत आणली. वाटेत जिथे थांबलो तिथे लोक विचारायचे, हे असं का? मी प्रत्येकाला सगळं सांगितलं. रंग मी अजून दिलेला नाही आणि देणारही नाही.

आता मंडळाच्या सध्याच्या अध्यक्षांचा फोन येऊन गेला. "वहिनी, तुमचं तुम्हाला मिळालं ना? मग मिटवा आता. मुकुंदराव म्हणतात, गैरसमज झाला. मोठे आहेत ते, या वयात कशाला."

मिळालं, खरं आहे. पण मला पन्नास माणसांसमोर खोटी म्हटलं होतं, आणि परत केलं ते परक्यांच्या पार्किंगमध्ये. जे माझ्यावर हसले त्यांना अजून कोणी काही सांगितलेलं नाही. म्हणून अध्यक्षसाहेब, हे जाहीर विचारते. मुकुंदरावांनी टॉर्च मारून आत बघितलं आणि मला सांगितलं, चिकटवलेलं. तेच हूड स्वतःच्या गाडीवर लावून जगाला सांगितलं, कारखान्याचं. यात गैरसमज नेमका कोणाचा झाला? माझा? सुधीरचा? तुमचा? ज्याचा झाला त्याचं नाव त्यांनी मंडळात सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं, आणि ते सांगेपर्यंत मंडळाच्या कार्यक्रमात त्यांना पुढची खुर्ची कोण देतो, तेही मला कळू द्या.